ब्लड युरिया ५६ आलाय, किडनी गेली का? खुराक, जिम आणि रिपोर्ट

हळदीतला_गडी
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय इथं, आज घाबरून लिहितोय. मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडतीवर दिवाणजी आहे, वय २९, वजन ७४. संक्रांत झाल्यावर जिम लावली आणि ट्रेनरनं सांगितलं म्हणून एकदम खुराक वाढवला, म्हणजे रोज १० अंड्यांचं पांढरं, अर्धा किलो बोनलेस चिकन, दोन स्कूप व्हे (दुधाची प्रोटीन पावडर) आणि वर घरची डाळ चपाती आहेच. अंग भरलं हे खरं, शर्ट दंडात बसेनात. परवा विमा काढायचा म्हणून रक्त दिलं तर ब्लड युरिया ५६, ठळक अक्षरात आणि पुढं वर जाणारा बाण. क्रिएटिनिन, तेही किडनीचंच माप म्हणे, १.० आहे, त्याला बाण नाही. मागच्या वर्षीचा दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट कपाटातनं काढला तर त्यात १४!! म्हणजे चौपट झालं की. आईनं फक्त बाण बघितला आणि व्हेचा डबा माळ्यावर टाकला. आजोबा जुने पैलवान, ते म्हणतात आमी कधी रगात तपासलंच न्हाई. खरं सांगा, किडनी गेली का?

मिरजेचा_मायक्रोस्कोप
आधी पाणी पी. मी मिरजेत लॅबमध्ये १८ वर्षं काम करतोय, हा प्रश्न आठवड्यातनं एकदा तरी खिडकीवर येतोच. जुन्या रिपोर्टवर १४ च्या अलीकडं काय लिहिलंय ते नीट वाच आणि इथं टाक. पैज लावतो, बीयूएन असणार.

हळदीतला_गडी
व्हय मामा, बीयूएन. दोन्ही एकच नव्हं का?

मिरजेचा_मायक्रोस्कोप
तिथंच तर घोळ होतो. बीयूएन म्हणजे युरियातल्या नुसत्या नायट्रोजनचं वजन, आणि ब्लड युरिया म्हणजे अख्ख्या युरियाचं. काही लॅब हे छापतात काही ते. बीयूएनला २.१४ नं गुणलं की युरिया येतो. तुझे १४ म्हणजे ३०. म्हणजे ३० चा ५६ झालाय, चौपट काय दुप्पटही नाही. जास्त आहे, नाही म्हणत नाही. पण आता सांग, रक्त द्यायच्या आदल्या दिवशी काय काय केलंस?

हळदीतला_गडी
रात्री जिममध्ये पायाचा व्यायाम मारला, मग साडेदहाला चिकन. सकाळी उपाशीपोटी या म्हणाले म्हणून पाणीसुद्धा प्यालो नाही, आणि नंबर लागला साडेअकराला.

मिरजेचा_मायक्रोस्कोप
अरे लेका, उपाशीपोटी म्हणजे पाणी चालतं! तेरा तास पाणी नाही, वर मार्चमधलं सांगलीचं ऊन. शरीर पाणी वाचवायला लागलं की किडनी पाण्याबरोबर युरियापण परत रक्तात घेते, क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूतनं निघणारा कचरा, तसं परत घेत नाही. म्हणून युरिया एकटाच उडतो आणि क्रिएटिनिन जागेवर बसतं. तुझ्या रिपोर्टात नेमकं तेच दिसतंय. मी डॉक्टर नाही, डॉक्टरला दाखवच, पण रात्रीची झोप घालवू नकोस.

जुने_मास्तर
पाण्याचा भाग बरोबर आहे, पण अर्धा. उरलेलं अर्धं त्या अर्धा किलो चिकनमध्ये आहे. मी कराडला बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली, आता रिटायर आहे आणि वेळ भरपूर आहे, त्यामुळं लांबण लावणार, कंटाळा आला तर पुढं सरका.

गड्या, तुझा हिशोब मी मांडतो. पांढऱ्याचे ३६ ग्रॅम, चिकनचे ११०, व्हेचे ५० धर, घरच्या जेवणाचे ३०. झाले २२५ ग्रॅम प्रोटीन, किलोमागं ३. प्रोटीनमध्ये वजनाच्या १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून ६.२५ नं भागायचं, म्हणजे रोज ३६ ग्रॅम नायट्रोजन तू तोंडानं आत घेतोस. आता विचार कर, हा जातो कुठं. साखर जास्त झाली तर यकृतात थोडी, मग चरबीत साठते. चरबीला तर गोडाऊन लागतं तेवढं मिळतं. प्रोटीनला गोडाऊन नाही. मार्केट यार्डात हळद पोत्यात भरून ठेवता येते, भाव आला की काढता येते, तसं अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रोटीनच्या सुट्या तुकड्यांचं, नसतं. आली तेवढ्यातली लागतील ती कामाला लावायची, उरलेली त्याच दिवशी जाळायची.

तू म्हणशील स्नायूत जातंय की. जातंय, पण किती ते बघ. महिन्याला एक किलो निव्वळ स्नायू चढला, जो चढणं फार मोठी गोष्ट आहे, तरी स्नायूत पाचवा हिस्सा प्रोटीन, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे २०० ग्रॅम. तीस दिवसांनी भाग, रोजचे ७ ग्रॅमसुद्धा होत नाहीत. २२५ मधले ७. बाकीच्यांचं कार्बन सरपण म्हणून जळतं किंवा त्याची साखर होते, आणि नायट्रोजन निघतो तो अमोनियाच्या रूपात. अमोनिया मेंदूला विष, रक्तात अगदी कणभर चालतो. म्हणून यकृत दोन नायट्रोजन आणि एक कार्बन डायऑक्साइड बांधून युरिया बनवतं, जो निरुपद्रवी आणि पाण्यात विरघळणारा. युरिया बनवायचं हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली जर्मनीत यकृताच्या पातळ कापांवर शोधलं. पोरं क्रेब्सला दुसऱ्या चक्रावरनं ओळखतात, ते १९३७ चं, हे आधीचं.

गंमत म्हणून सांगतो. तुझ्या ३६ ग्रॅम नायट्रोजनातले ३० युरियात गेले तर रोज ६४ ग्रॅम युरिया झाला. वर्षाला २३ किलो. उसाला टाकतो ते युरियाचं पोतं ४५ किलोचं असतं ना? म्हणजे तू एकटा वर्षाला अर्धं पोतं काढतोस. आणि दोन्हीकडं पदार्थ अगदी एकच, त्यात ४६ टक्के नायट्रोजन.

तांबड्या_मातीतला
मास्तर 😂😂 आता जिममधल्या पोरांना उसात उभं करतो.

ओन्ली_लॉजिक
एक शंका. एवढा युरिया बनवायची ताकद यकृतात आधीपासनं असते का? काल ६० ग्रॅम खाणारा आज २२५ खाल्ला तर?

जुने_मास्तर
हा खरा प्रश्न विचारलास. तर ताकद थोडी राखीव असते आणि बाकीची वाढवून घेतली जाते. रॉबर्ट शिम्के यांनी १९६२ साली उंदरांना १५, ३० आणि ६० टक्के केसिनचा, म्हणजे दुधातल्या प्रोटीनचा, आहार दिला. ज्याला जास्त प्रोटीन त्याच्या यकृतात युरिया चक्राची पाचही एन्झाइम, म्हणजे ते काम करणारी प्रोटीनं, जास्त, आणि ती जवळजवळ खाण्याच्या प्रमाणात. आहार बदलल्यावर नव्या पातळीला यायला काही दिवस लागले. म्हणजे जसा ऊस येईल तसा कारखाना रोलर वाढवतो म्हण, पण त्याला गाळप सुरू झाल्यावर काही दिवस द्यावे लागतात. त्याच्याआधीचा तात्पुरता उपाय असा की अमिनो आम्लं वाढली की यकृतात एक छोटा रेणू तयार होतो, एन-अ‍ॅसिटिल ग्लुटामेट नावाचा, तो चक्राच्या पहिल्या एन्झाइमचं बटण दाबतो, हे तासाभराचं काम. मनुष्यबळ तेवढंच, फक्त शिफ्ट जोरात.

आणि उंदरांना पूर्ण उपाशी ठेवलं तरी ती एन्झाइम वाढली! हे पोरांना सांगितलं की वर्गात गोंधळ व्हायचा. पण बरोबरच आहे, उपाशी जीव स्वतःचा स्नायू मोडून खातोय, नायट्रोजन तर निघणारच.

तांबड्या_मातीतला
मास्तर, आमच्या वस्तादांचं आठवलं. मी कुंडलच्या मैदानात लढलोय, मोठा नव्हे, पंधरा वीस कुस्त्या. आमच्या तालमीत नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला मोठ्यांचा तांब्या द्यायचे नाहीत. पाव लिटर दूध, थंडाईत पाच बदाम. आठवडा झाला की थोडं वाढवायचं. मला वाटायचं कंजूषपणा आहे. एकदा मी चोरून दोन लिटर प्यालो आणि पुढचे दोन दिवस परसाकडंच मुक्काम, ते वेगळं कारण असंल म्हणा. पण वस्ताद म्हणायचे, पोटाला वळण लागूदे.

जुने_मास्तर
ते दूध न पचण्याचं कारण वेगळं असलं तरी वळणाचा मुद्दा खरा. 

गुरांचा_डॉक्टर
मध्येच घुसतोय. पलूस भागात प्रॅक्टिस आहे, आणि हे युरिया प्रकरण माझ्या रोजच्या धंद्यातलं. म्हशीची गोष्ट माणसापेक्षा भारी आहे. तिचं वैरणीत प्रोटीन कमी पडलं, नुसतं वाढं आणि गव्हाचं काड चालू असलं, तर ती युरिया बाहेर टाकायचा कमी करते. लाळेतनं आणि रक्तातनं तो परत पोटात सोडते, तिथले जंतू त्याचं परत प्रोटीन बनवतात, आणि मग म्हैस ते जंतूच पचवून टाकते. म्हणून तर आम्ही १०० किलो काडाला ४ किलो युरिया पाण्यात कालवून शिंपडतो, दाबून झाकून तीन आठवडे ठेवतो आणि मग हळूहळू सवय लावत देतो.

पण तीच म्हैस खताच्या बादलीला तोंड लावते तेव्हा बघा. मागच्या पावसाळ्यात एका मळ्यात रात्री नऊला फोन आला. पंपात टाकायला कालवलेल्या युरियाची बादली गोठ्याच्या कडंला राहिली होती, म्हैस प्याली. मी पोचलो तर तोंडाला फेस, अंग थरथरतंय, पोट फुगून डावी कूस ताशा झालेली. पोटात युरियाचा अमोनिया झटक्यात होतो, यकृताला आवरत नाही. थंड पाणी आणि व्हिनेगर नळीनं पाजलं, भरपूर. सुदैवानं कमी प्याली होती, पहाटेपर्यंत उभी राहिली. मालकानं दुसऱ्या दिवशी बादलीच फोडून टाकली. डॉक्टर येईपर्यंत व्हिनेगर घरात असेल तर वाट बघत बसू नका, पण फोन आधी करा.

कृष्णाकाठची_सुमी
बापरे. डॉक्टर, आपल्या पोटातपण असं परत वापरणं होतं का?

गुरांचा_डॉक्टर
ताई थोडं होतं. आपल्या मोठ्या आतड्यातले जंतूही काही युरिया फोडतात, तो अमोनिया यकृताकडं परत येतो. पण म्हशीसारखा त्याच्यावर संसार चालत नाही. माणसाला युरिया खायला देऊ नका म्हणजे झालं, दुधात घालणारे आहेतच.

संपादक मंडळ
दुधातल्या भेसळीवर वेगळा धागा आहे, कृपया इथं नको.

कृष्णाकाठची_सुमी
मग माझा प्रश्न. माझ्या सासूबाई नवरात्रात नऊ दिवस धरतात, साबुदाणा, वरी, बटाटा, केळं. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य. नवव्या दिवशी त्या अगदी ठणठणीत असतात. आणि माझी मैत्रीण फक्त पाण्यावर चार दिवस राहिली आणि जिना चढताना भोवळ आली. असं का?

जुने_मास्तर
ताई, कारण साबुदाणा नुसता पिष्ट असला तरी पिष्टच प्रोटीन वाचवतो. पिष्ट खाल्लं की इन्सुलिन सुटतं आणि इन्सुलिन स्नायूचं मोडणं दाबून धरतं. जेम्स गॅम्बल नावाचे डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजावरच्या माणसांसाठी लाइफबोटीत काय ठेवावं याचा अभ्यास करत होते. त्यांना दिसलं की पूर्ण उपाशी माणसाला रोज फक्त १०० ग्रॅम ग्लुकोज दिलं तरी त्याच्या शरीरातलं प्रोटीन मोडणं साधारण निम्म्यावर येतं. तुमच्या सासूबाई तर त्याच्या दुप्पट तिप्पट पिष्ट खातात, आणि खिचडीत दाण्याचं कूट असणार. १०० ग्रॅम दाण्यात २५ ग्रॅम प्रोटीन. सांगलीची बाई कुटाशिवाय खिचडी करेल हे मला पटणार नाही.

मैत्रिणीचं वेगळं. सगळं बंद केलं की पहिले काही दिवस मेंदूला साखर लागते, चरबीतून ती फारशी होत नाही, म्हणून शरीर स्नायू मोडून अमिनो आम्लं यकृताला पाठवतं. बोस्टनच्या जॉर्ज केहिल यांच्या गटानं १९६०च्या दशकात लठ्ठ माणसांवर आठवडेच्या आठवडे उपवासाचे अभ्यास केले, दवाखान्यात, देखरेखीखाली. सुरुवातीला लघवीत रोज १० ते १२ ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे साधारण ७० ग्रॅम प्रोटीन दिवसाला. पाच सहा आठवड्यांनी तेच ३ ते ४ ग्रॅम. कारण तोपर्यंत मेंदू चरबीपासून बनलेल्या कीटोनवर चालायला लागतो, साखरेची ओढ कमी होते, स्नायू वाचतो. भोवळ मात्र बहुतेक पाणी मीठ आणि बीपीची असेल, तिला सगळं बायोकेमिस्ट्री चिकटवू नका.

ओन्ली_लॉजिक
म्हणजे शरीर कमी प्रोटीनवर भागवायला शिकतं. मग एवढा गाजावाजा कशाला? आमच्याकडं ऊसतोडवाले येतात, बाजरीची भाकरी, मिरचीचा ठेचा, आणि दिवसभर कोयता. जिमवाल्यांपेक्षा कणखर.

जुने_मास्तर
शिकतं, पण तळ आहे. एकदम प्रोटीन बंद केलं आणि पोटभर पिष्ट दिलं तर नायट्रोजन बाहेर टाकणं चार पाच दिवसांत झपाट्यानं उतरतं आणि मग एका ठिकाणी थांबतं, त्याच्याखाली जात नाही. ऑटो फोलिन यांनी १९०५ मध्ये हेच मोजलं होतं. प्रोटीन भरपूर खाणाऱ्या माणसाच्या लघवीत दिवसाला १६.८ ग्रॅम नायट्रोजन, त्यातला ८७.५ टक्के युरियात. त्याच माणसाला पिष्ट आणि साय दिली, तर ३.६ ग्रॅम, आणि युरियाचा वाटा ६१.७ टक्के. आणि क्रिएटिनिन? ०.५८ चं ०.६०. हललंच नाही. गड्या, म्हणूनच तुझं क्रिएटिनिन जागेवर असणं बाणापेक्षा मोलाचं आहे. युरिया हा बऱ्याच अंशी काल ताटात काय होतं ते सांगतो.

ऊसतोडवाल्यांचं म्हणशील तर तीन चार मोठ्या भाकरीत ४०० ग्रॅम बाजरीचं पीठ सहज जातं, त्यात ४० ग्रॅमच्या पुढं प्रोटीन आहे, आणि उष्मांक एवढा की ते प्रोटीन सरपणात घालावं लागत नाही. पण लायसीन, म्हणजे एक गरजेचं अमिनो आम्ल, कमी. डाळ, दूध नसेल तर बाई, पोरं आणि म्हातारी माणसं मागं पडतात, कणखर दिसणारा गडी दिसतो म्हणून आपण त्यालाच मोजतो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०२० मध्ये सांगितलेलं रोजच्या प्रोटीनचं प्रमाण किलोमागं ०.८३ ग्रॅम. ७४ किलोला ६१.

ओन्ली_लॉजिक
घेतलं मागं. कोपऱ्यातल्या म्हातारीचं मी धरलंच नव्हतं.

तांबड्या_मातीतला
मास्तर, एक राहिलं. मैदानं संपली की पैलवान खुराक तोडतो, आणि आठ दिवसांत गळाठल्यासारखा होतो. मग परत सावरतो. ते का?

जुने_मास्तर
वा. इथं तर सगळा विषय येऊन बसतो. जास्त जाळायची सवय लागलेलं यकृत खुराक तुटल्या दिवशी थांबत नाही. एन्झाइम अजून जुन्या हिशोबानं भरलेली, ती मोडून कमी व्हायला दिवस लागतात, तोवर ती येईल ते अमिनो आम्ल जाळत राहतात, बाहेरनं नाही आलं तर आतलं. म्हणून पहिले दिवस आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जास्त, मग हळूहळू तोल जमतो. जितका खुराक मोठा होता तितका हा खड्डा मोठा. तुझा वस्ताद चढवताना आठवड्याची पायरी ठेवायचा ना, उतरवताना ठेवायचा का?

तांबड्या_मातीतला
न्हाई. उतरवताना कोण बघतंय, गाडी पकडून गावाकडं.

मिरजेचा_मायक्रोस्कोप
हळदीतल्या, आता ऐक. व्हे चांगलं का वाईट या भांडणात पडू नको. चिकन, व्हे दोन दिवस आधी बेतानं घे, पाणी नेहमीसारखं पी, दोन दिवस पाय मारू नको, आणि बारा दिवसांनी परत दे. त्याच लॅबमध्ये. युरिया, क्रिएटिनिन आणि लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन लघवीत गळतंय का ते. जिमवाल्यांची क्रिएटिन पावडर घेत असशील तर आधी सांग, त्यानं आणि शिजवलेल्या मटणानंही क्रिएटिनिन थोडं हलतं. ज्यांना आधीपासनं किडनीचा त्रास किंवा डायबेटिस आहे त्यांनी मात्र हा धागा वाचून काही ठरवू नये, त्यांचं प्रोटीन डॉक्टरनंच ठरवायचं.

हळदीतला_गडी
मामा, मास्तर, सगळ्यांना दंडवत. बारा दिवसांनी सांगतो.

हळदीतला_गडी
(चौदा दिवसांनी, उशीर झाला, यार्डात सौद्यांची गर्दी होती)
युरिया ३४. क्रिएटिनिन १.०. अल्ब्युमिन निल. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून पहिल्यांदा पाणी किती पितोस तेच विचारलं, मग खाणं विचारलं, आणि २२५ ऐकून हसले. आता मी १२० वर आलोय, चार अंडी पिवळ्यासकट, पाव किलो चिकन, दही, डाळ, आणि एकदम नाही तर दर आठवड्याला थोडं कमी करत आलो, मास्तरांचा खड्डा डोक्यात होता. वजन दीड किलो उतरलं, ते बहुतेक पाणीच असावं, उचलायला काही फरक नाही. ट्रेनरला सांगितलं तर म्हणाला मसल जाणार तुझे. मी त्याला सात ग्रॅमचा हिशोब घातला, तर म्हणाला तू दिवाणजीच राहणार. आजोबांना रिपोर्ट वाचून दाखवला. त्यांनी सगळा ऐकला आणि विचारलं, हे रगात काढायला किती घेतले? सांगितल्यावर म्हणाले, एवढ्यात दोन लिटर म्हशीचं आलं असतं.

आईनं माळ्यावरचा डबा अजून खाली दिला नाही. वरती एक न फोडलेलाही आहे, सांगली मिरजेत कुणाला निम्म्या किमतीत पाहिजे असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

गुरांचा_डॉक्टर
म्हशीला चालत असता तर घेतला असता.

संपादक मंडळ
खरेदी विक्रीसाठी वेगळा विभाग आहे. शेवटचा परिच्छेद तिकडं हलवत आहोत.